कुंभळघाटातलं टिंब

बिनीवाल्यांची तक्रार आली तेव्हा केतकी पोवार चहात खारी बुडवत होती. रविवारची सकाळ, आणि तक्रार नेहमीसारखीच एका ओळीची होती: "आपला बिंदू पुन्हा गटारात आहे." खाली पूर्ण नाव आणि पदवी. डॉ. माधव बिनीवाले हे निवृत्त दंतवैद्य. दात असो की रस्ता, कुठलीही गोष्ट जागेवर नसली की त्यांना चैन पडत नसे. वयाची सत्तरी जवळ आल्यावर त्यांनी मोटरसायकल घेतली, आपल्यासारखीच तीसेक माणसं जमवली आणि दर महिन्याला घाट पालथे घालायला सुरुवात केली. त्यांचे मार्ग आखून द्यायचं काम केतकीकडे होतं.

खारी चहात विरघळून गेली. केतकीला तिच्याकडे बघायचंही सुचलं नाही.

लोकांना वाटायचं, मार्ग आखणं म्हणजे काय, नकाशावर रेघ ओढायची. रेघ कुणीही ओढेल. पण कोल्हापूरच्या खोलीत बसून संगणकावर ओढलेली रेघ जेव्हा मोटरसायकलच्या हँडलवर बसवलेल्या 'वाटाड्या'त शिरते, तेव्हा ते यंत्र ती रेघ जशीच्या तशी पाळत नाही. ते स्वतःचं डोकं चालवतं आणि बोगद्यातून जवळचा रस्ता सापडला की घाट सोडून देतं. त्याला तसं करू द्यायचं नसेल तर हव्या त्या रस्त्यावर बिंदू ठोकावे लागतात. त्यांना मूक बिंदू म्हणतात. यंत्र त्यांचा उच्चार करत नाही, पण तिथून गेल्याशिवाय पुढेही सरकत नाही. बिंदू ठोकताना हात जरा जरी हलला आणि तो रस्त्याच्या बाजूला पडला, तर संपलंच. यंत्र इमानदारीनं तुम्हाला कुणाच्या तरी परड्यात घेऊन जातं आणि वर मागे फिरायला सांगतं. नवशिके अशा चुका करतात. केतकी नवशिकी नव्हती. या धंद्यात तिचा बिंदू म्हणजे बिंदू, असं नाव होतं.

आणि तरीही कुंभळघाटातला हा बिंदू तिसऱ्यांदा गटारात गेला होता.

हा बिंदू तिच्या माहेरच्या दारातला होता. घाटाच्या ऐन मध्यावर कुंभळवाडी, पंचवीसेक घरांची. तिथे डोंगराला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून उभं असलेलं घर तिच्या थोरल्या भावाचं, रुपेशचं. नवा बोगदा झाल्यापासून घाटात कुत्रं फिरकत नव्हतं. मग केतकीनं प्रत्येक मार्गात गुपचूप एक मूक बिंदू दादाच्या दारासमोर ठोकायला सुरुवात केली. मोटरसायकलवाले येऊ लागले, दादानं पडवीत बाकं टाकली, सुवर्णावहिनीच्या नाचणीच्या भाकरीचं आणि कोंबडीच्या रश्श्याचं नाव झालं. "तुझ्या टिंबावर आमची चूल पेटते बघ," असं दादा हसत म्हणायचा. हसत म्हणायचा, पण त्याला ते टोचतही असावं. कारण तिनं मागे एकदा, घाटात आता काही राहिलं नाही, कोल्हापुरात ये, खानावळ काढून देते, असं सुचवलं होतं, तेव्हा तो सहा महिने तिच्याशी बोलला नव्हता.

पहिली तक्रार गणपती उठल्यावर आली होती. वाटाड्यानं बिनीवाल्यांच्या सगळ्या मंडळींना डावीकडे पाखाडीच्या दगडी वाटेवरून वर चढवून गोठ्यात नेऊन उभं केलं होतं. केतकीनं नकाशा उघडला, तर खरंच, बिंदू रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेबाहेर, गटारावर. लाज वाटली. तिनं बिंदू परत रस्त्यात ओढला, शेऱ्यात लिहिलं, "चूक माझी, दुरुस्त केलं," आणि माफीचा निरोप पाठवला. दिवाळीत पुन्हा तेच. या वेळी तिनं नकाशा होता तेवढा मोठा करून, श्वास रोखून, रस्त्याच्या कडेपासून चांगला वीतभर आत बिंदू ठोकला. पुन्हा तोच शेरा, पुन्हा माफी.

आता मार्गशीर्ष लागला होता आणि बिंदू गटारात होता.

तिचा हात सवयीनं माउसकडे गेला. बिंदू पकडला, ओढणार तेवढ्यात ती थांबली. आपण हा कडेच्या वीतभर आत ठोकला होता. स्वतःच्या हातानं, डोळ्यांत तेल घालून. या एका गोष्टीवर ती कुणाच्याही समोर शपथ घेऊ शकली असती.

तिनं बिंदू सोडून दिला आणि नकाशाच्या जुन्या आवृत्त्या बाहेर काढल्या.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. पूर्वीच्या वाटाड्यांना आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत हेही धड कळत नसे. आताच्या यंत्रांना उपग्रहांच्या जोडीला जमिनीवरच्या स्थिर खांबांचा आधार असतो, त्यामुळे ती अंगठ्याच्या रुंदीइतकं अचूक सांगतात. शिवाय प्रत्येक मोटरसायकल जिथून जाते तिथला माग वाटाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. हजारो माग एकावर एक ठेवले की रस्ता नेमका कुठे आहे ते ठरतं आणि नकाशा दर महिन्याला आपला आपण दुरुस्त होतो. सगळे चालक नकाशातल्या रस्त्यापेक्षा वीतभर खालून जात असतील, तर आधीची आखणी चुकली होती असं नकाशा समजतो आणि रस्ता वीतभर खाली काढतो. त्याला असंच शिकवलेलं आहे. आखणी चुकू शकते, माणूस चुकू शकतो. जमीन चुकू शकते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

केतकीनं गणपतीचा, दिवाळीचा आणि आजचा नकाशा एकमेकांवर ठेवला.

वाडीच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीवर तिन्ही रेघा एकच होत्या. वाडीच्या पलीकडच्या देवळाच्या वळणावरही एकच. मधल्या पट्ट्यात मात्र त्या सुटल्या होत्या. कपडे वाळत घातलेल्या दोरीला मध्ये झोळ यावा तसा रस्त्याला दरीच्या बाजूला झोळ आला होता. पहिल्या दोन रेघांत वीतभर अंतर. दुसरी आणि तिसरी यांच्यात हातभर.

बिंदू हलला नव्हता. तो ठोकला तिथेच होता. रस्ताच त्याच्या खालून निघून गेला होता, आणि रस्त्याबरोबर वाडी.

पावसाचं पाणी डोंगराच्या पोटात मुरतं आणि वर ऊन पडल्यावरही आत आपलं काम करत राहतं, एवढं तिला माहीत होतं. सरकणारा डोंगर जोवर सारख्या वेगानं सरकतो तोवर वर्षानुवर्षं काढतो, वेग वाढू लागला की मात्र तो सुटायला आलेला असतो, हेही तिनं कधीतरी वाचलं होतं. आणि हे सगळं यंत्राला दिसत होतं. यंत्रानं ते दोनदा बिनीवाल्यांच्या तोंडून तिला सांगितलं होतं. तिनं दोन्ही वेळा माफी मागून पुरावा पुसून टाकला होता.

तिनं दादाला फोन लावला. मागे ताटल्यांचा आवाज, हसणं, तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज. बिनीवाल्यांची तीस माणसं पडवीत नाश्त्याला बसली होती. तिच्याच बिंदूनं त्यांना तिथे नेऊन बसवलं होतं.

"दादा, सगळ्यांना घेऊन बाहेर पड. आत्ताच्या आत्ता. मोरीच्या अलीकडं ये."

"काय झालं?"

तिनं सांगितलं. घाईत, तुटक, उलटसुलट. दादा ऐकत होता की नाही कळेना. तिचं संपल्यावर तो हसला.

"घर काय कुठं निघालंय व्हय, केते? आज्ज्यापासून जागेवर हाय."

"दादा, रेघा दिसतायत मला इथं."

"तुला तिथं बसून रेघा दिसतात. मी हितं उभा हाय. ऊन पडलंय लख्ख. एक दगड हललेला नाही." त्याचा आवाज एकदम खाली आला. "घाट सोड म्हणून तू मागंबी सांगितलंस. तेव्हा धंदा नव्हता, आता डोंगर पडाय लागला. गिऱ्हाईक बसलंय, ठेव."

त्यानं फोन ठेवला. केतकीला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. तिनं बिनीवाल्यांना लावला.

माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत राहिला. शेवटी त्यानं एकच विचारलं, "किती सरकलाय?"

"शेवटच्या खेपेला हातभर. त्याआधी वीतभर."

"म्हणजे मूळ सैल झालंय," बिनीवाले म्हणाले. "पण पोवारबाई, तुमचे बंधू मला भाकरी वाढतायत. मी त्यांना काय दाखवू? इथून डोंगर जागेवरच दिसतो."

काय दाखवणार? नकाशा तर दादा बघणार नाही. केतकी खोलीत येरझाऱ्या घालू लागली आणि मध्येच उभी राहिली. दादानं वाटाड्या घेतला तेव्हा ती तिथेच होती. दोन वर्षं झाली असतील. यंत्रात 'घर' साठवायचं होतं, आणि दादा म्हणाला होता, घर म्हणजे उंबरा. मग उंबऱ्यात उभं राहून, यंत्र देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखं दोन्ही हातांत धरून, त्यानं स्वतः बटण दाबलं होतं. वहिनी हसून हसून बेजार झाली होती.

"काका, फोन दादाला द्या. चित्र चालू ठेवा."

पडद्यावर दादाचा वैतागलेला चेहरा आला.

"दादा, तुझा वाटाड्या घे. उंबऱ्यात उभा राहा आणि 'घर' दाब. एवढंच कर. मग परत कधी फोन करणार नाही."

तीस गिऱ्हाइकांसमोर बहिणीशी वाद घालण्यापेक्षा बटण दाबणं बरं, असा विचार त्यानं केला असावा. गाडीवरून यंत्र काढलं, उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, दाबलं. बिनीवाल्यांनी फोन त्याच्या हातावर धरला. यंत्रावरचा बाण थरथरला, फिरला आणि घराच्या आत वळून थांबला.

"सरळ जा," वाटाड्या शांतपणे म्हणाला.

"बिघडलंय हे," दादा म्हणाला. तरी त्यानं एक पाऊल आत टाकलं. बाण अजून पुढेच होता. आणखी एक पाऊल. आता तो माजघरात होता, परातीत पीठ मळत बसलेल्या वहिनीच्या पुढ्यात.

"तुम्ही घरी पोहोचला आहात."

वहिनीनं वर बघितलं. यंत्राकडे, मग नवऱ्याकडे.

"काय सोंग हे?"

"केती म्हणती घर खाली सरकलंय. उंबरा आधी हितं होता म्हणं." तो हसायला गेला, पण हसू पुरं झालं नाही.

वहिनी पिठाचे हात तसेच धरून बसली होती. "दसऱ्यापासनं पुढचं दार घासतंय," ती म्हणाली. "तुम्ही दोनदा रंधा मारला त्याला."

"लाकूड फुगतंय पावसात."

"पाऊस कवाच संपला. परवा परत घासाय लागलंय."

दादा मागे वळून दाराकडे बघत राहिला. त्यानं दार दोनदा तासलं होतं, तिनं बिंदू दोनदा ओढला होता. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. फोनमधून केतकीला त्याची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ हळूहळू ताठ झाली.

"मोरीपाशी डांबराला चीर पडती," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "रस्तेवाले दर महिन्याला बुजवून जातात." मग तो पडवीत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "खाणं राहू द्या. उठा सगळे. गाड्या चालू करा."

पुढचं केतकीला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बिनीवाल्यांनी फोन खिशात टाकला होता, त्यामुळे बराच वेळ नुसता आवाज येत होता. दादा घराघरातून हाका मारत होता, कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी म्हातारं माणूस त्याला शिव्या घालत होतं. मोटरसायकली चालू झाल्या. प्रत्येक गाडीमागे एकेक माणूस बसलं. जन्मात दुचाकीवर न बसलेल्या बायका अनोळखी म्हाताऱ्यांच्या कंबरेला मिठी मारून घाट उतरल्या. खेपा झाल्या. दावणीची गुरं सोडून दिली गेली. घाटाखालच्या नांदवडच्या शाळेत सगळी वाडी येऊन बसली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. काहीच झालं नाही.

संध्याकाळ झाली, डोंगर उभा. दुसऱ्या दिवशीही उभा. डोंगराची मोजणी करणारी सरकारी माणसं येणार होती, ती उद्यावर गेली. शाळेच्या ओसरीवर लोक डोंगराकडे बघत बसले आणि मग दादाकडे बघू लागले. वाडीतले बंडूआबा म्हणाले, "बहिणीच्या यंत्रात टिंब हललं म्हणून गाव उठवलंस. उद्या तिला शिंक आली तर कुठं जायाचं?" लोक हसले. दादाला ते फार लागलं. फोनवर त्यानं तिला सांगितलं नाही, वहिनीनं सांगितलं.

त्यानंतरच्या दिवशी ऊन वर आल्यावर दादाचा फोन आला. गाडीचा आवाज होता.

"कुठं चाललायस?"

"पातेली आणायला. शाळेत एवढ्या लोकांचं रांधायचं कशात? हाय मोरीवर. सगळं जागेवर हाय बघ. जातो आणि येतो."

"दादा, नको."

"पाच मिंटाचं काम हाय, केते."

"पातेली मी पाठवते. इथून पाठवते. तू वळ."

"लोक हसाय लागलेत गं," दादा म्हणाला. एवढंच, आणि त्यातली लाज केतकीला कळली. गाडी बंद झाल्याचं तिनं ऐकलं. तो तिथेच थांबून विचार करत असावा.

"दादा?"

"केते," तो अगदी हळू म्हणाला, "झाडं चालायला लागली."

तिला आधी काही ऐकू आलं नाही. मग एक आवाज आला, जमिनीच्या आतून येणारा, आणि तो वाढतच गेला. फोनला तो पेलला नाही. मधूनच सगळं मुकं व्हायचं आणि परत खरखरायचं. ती दादा दादा म्हणत राहिली. आवाज थांबल्यावर बारीक दगड घरंगळण्याचा सूर तेवढा उरला. आणि कुणाचा तरी श्वास.

"हाय मी," दादा म्हणाला. "मोरीवर हाय." आणि मग पोरासारखा, तोंड उघडं टाकून रडायला लागला. केतकीनं त्याला वडील गेले तेव्हाही रडताना ऐकलं नव्हतं.

माणूस एकही गेलं नाही. घर एकही राहिलं नाही. बंडूआबांनी दादाच्या पायावर डोकं ठेवलं म्हणतात. दादानं ते कधी सांगितलं नाही.

तो कोल्हापूरला आला तो हात हलवत. वहिनी आत जाऊन झोपली. दादा केतकीच्या कामाच्या खोलीत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. या खोलीची त्यानं नेहमी थट्टा केली होती. खुर्चीत बसून गाडी चालवणारी बहीण, म्हणायचा.

"आमचं टिंब दाखव."

तिनं दाखवलं. नकाशा अजून दुरुस्त व्हायचा होता, त्यामुळे रस्ता होता, पाखाडी होती, गोठा होता. बिंदू गटारावर, जिथल्या तिथे. दादानं पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझं टिंब हललं. आणि कुणाचं हललंय का?"

केतकीला हे सुचलं नव्हतं. इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर एकच वाडी होती. तिनं कळफलक पुढे ओढला. कंपनीचे आखणीकार राज्यभर होते आणि प्रत्येकाची दुरुस्ती नकाशात राहत होती. तिनं विचारलं: गेल्या वर्षात एकाच जागी दोनदा किंवा जास्त वेळा हातानं सरकवलेले, घाटातले मूक बिंदू.

पडदा क्षणभर कोरा राहिला. मग सह्याद्रीच्या कडेकडेनं लाल ठिपके उमटायला लागले. एक, मग चार, मग मोजायचं भान राहिलं नाही. तिनं एकावर टिचकी मारली. शेरा उघडला: "माझी चूक, दुरुस्त केलं." दुसऱ्यावर: "क्षमस्व, बिंदू बाहेर पडला होता, आत घेतला." तिसऱ्यावरही तेच. सगळे तिच्यासारखेच, मन लावून काम करणारे, चूक पदरात घेणारे. यातले काही खरोखरच हात हलल्याचे असतील. पण कुठले, ते कोण सांगणार?

दादा पुढे वाकला होता. एका ठिपक्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे सोनवड्याचं वळण. इथं विष्णू डवर असतो. वडे चांगले करतो. दोघांनी मिळून वाटाडे घेतले होते आम्ही. त्यानंबी 'घर' उंबऱ्यातच दाबलंय." त्यानं खिशातून फोन काढला. नंबर पहिल्या फटक्यात लागला. आवाज त्यानं मोठा केला.

पलीकडे चुलीचा धूर असावा, विष्णू खोकत बोलला. घाटाचं कळलं, वाईट झालं, म्हणाला. दादानं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. शांतपणे, सुरुवातीपासून. ऐकता ऐकता विष्णू हसला.

"खुळा का काय तू? घर काय कुठं निघालंय व्हय, रुपेश?"

दादानं डोळे मिटले.

"विष्णू," तो म्हणाला, "वाटाड्या घे आणि उंबऱ्यात जाऊन उभा राहा. 'घर' दाब. मी फोन धरून हाय."

काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग कुणीतरी कुणाला तरी बाजूला हो म्हणालं. केतकी आणि दादा फोनकडे बघत बसले. फार वेळ लागला नाही.

"रुपेश," विष्णू म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "हे आत जा म्हणतंय."